काम पूर्ण, पण कुणाचं?

मित्रांनो, मी काळ्या पडद्यावर चालणारा एक छोटा प्रोग्राम आहे. मला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. कीबोर्डवरून आज्ञा द्यायची, मी माहितीसाठ्यात शोधाशोध करायची आणि उत्तर द्यायचं. कुपवाडच्या पारसने मला घडवलं आणि जतच्या एका पाण्याच्या टँकरच्या कचेरीत कामाला लावलं. कोणत्या वस्तीला किती खेपा, हे सगळं माझ्याकडे.

काम मी चोख करत होतो. बोलायला मात्र पारसने दोनच शब्द शिकवले होते : "काम पूर्ण." शंभर नोंदी बदलल्या तरी तेच, एकही बदलली नाही तरी तेच! किती कोंडमारा होत असेल माझा, सांगा!

चैत्रात माळवस्तीची खेप एकाची दोन करायची होती. कचेरीतल्या रेश्माने घाईत 'माळ वस्ती' असं तोडून लिहिलं. त्या नावाची नोंदच नव्हती. मी काहीही बदललं नाही आणि म्हणालो, "काम पूर्ण." ती निर्धास्त झाली.

चौथ्या दिवशी माळवस्तीची शालूबाई दारात उभी राहिली. मेंढरंवाली, उन्हाने लाल झालेली.

"दुसरा टँकर कुठं हाय गं?"

"मावशी, मी स्वतः नोंद केलीय."

"नोंद पाजू व्हय मेंढरांना? कोकरू गेलं माझं सकाळी!"

रेश्माचा चेहरा उतरला. तिने दुसरी खेप लगेच फोनवरून पाठवली आणि पारसला बोलावलं.

माझ्यावर नजर टाकून तो म्हणाला, "प्रोग्राम बरोबर हाय. नाव सापडलं न्हाई, म्हणून शून्य नोंदी बदलल्या."

"मग शून्य म्हणायला त्याचं तोंड दुखतं काय?" रेश्मा कडाडली.

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हात नाहीत, काय करणार!

पारसने खुर्ची ओढली आणि मला नवं बोलणं शिकवलं. मग रेश्माने मुद्दाम तेच चुकीचं नाव लिहिलं. मी म्हणालो, "एकही नोंद बदलली नाही. 'माळ वस्ती' सापडली नाही. 'माळवस्ती' म्हणायचे आहे का?"

तिने नाव सुधारलं तसं मी म्हणालो, "१ नोंद बदलली. माळवस्ती : खेपा १ ऐवजी २."

तोवर थांबलेल्या शालूबाईने ते रेश्माकडून मोठ्याने वाचून घेतलं. "हेच आधी बोलला असतास तर, गड्या," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

मित्रांनो, उद्या तुम्ही माझ्यासारखं काही घडवाल. त्याला काम शिकवाल तसं खरं, पुरतं बोलायलाही शिकवा. पडद्यापलीकडे कुणीतरी तहानलेलं थांबलेलं असतं.