येई, न म्हणे

जगाचे कान तपासणारी बाई स्वतः काय ऐकते, हे कुणी तपासायचं? आता हिचंच बघा. अख्खी गल्ली तिला कानवाली म्हणायची. वडिलांचं कानाच्या मशीनचं दुकान, आणि मागच्या अंगाला भिंतींना जाड फोम लावलेली एक एवढीशी खोली. म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिथे बसवून, हेडफोन चढवून ही दिवसभर सांगायची, "आजोबा, शिट्टी ऐकू आली की बोट वर करा हं." आणि खुद्द वडिलांना चार हाका मारल्याशिवाय ओ म्हणून देता यायची नाही. मशीन लावा म्हटलं की उसळायचे, "मला काय धाड भरलीय?" दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

तर या कानवालीचं एका लिफ्टवाल्याशी जमलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, गाडीने सोळा तासांवरच्या शहरात. जमलं ते ताईंमुळे. ताई म्हणजे गाणाऱ्या ताई, दोघांचं दैवत. त्यांच्या चाहत्यांच्या फोनवरच्या ग्रुपात एका ओळीवरून या दोघांची जुंपली होती. "दिवा लाविते दारी, सखा येई... न म्हणे." ताई "येई"वर थांबतात, श्वास घेतात आणि मग "न म्हणे" गातात. कानवाली म्हणाली, सखा "येईन" म्हणतोय, सरळ आहे. लिफ्टवाला म्हणाला, छे, सखा येई न, येतच नाही म्हणे. लोक तिला येऊन सांगताहेत.

"एवढं रडवेलं गाणं, आणि तो येतो कसला!" हे त्याचं.

"येणार नसेल तर ती दिवा कशाला लावते? तेल फुकट आलंय?" हे हिचं.

ग्रुपातली बाकीची माणसं कंटाळून गप्प झाली. हे दोघं दोन वर्षं भांडत राहिले. दर रविवारी दुपारी चार वाजता त्याचा फोन यायचा. "एक, दोन, तीन" म्हणून दोघं आपापल्या घरी एकच गाणं लावायचे. फोनमधून त्याच्याकडच्या ताई नेहमी अर्धं पाऊल मागून यायच्या, आणि हिला तेच आवडायचं. प्रत्यक्ष भेट झाली दोनदाच, पण भांडायला भेटावं थोडंच लागतं?

एका मंगळवारी त्याचा अवेळीच फोन आला. "ताई शेवटचं गाणार आहेत, इथेच, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी. मी दोन तिकिटं काढलीत. आईलाही तुला बघायचंय." मग घसा खाकरला. "आणि एक. कंपनी मला दोन वर्षं समुद्रापलीकडे पाठवतेय. येत्या सोमवारी सकाळी सही करायचीय. तू आईला भेटायला येणार असलीस तर मी कंपनीला 'नाही' सांगतो आणि तुझ्या गावची बदली मागून घेतो. नसलीस तर इथे बसून तरी काय करू? घाई नाही, विचार करून सांग."

विचार कसला करायचा? तिचा होकार केव्हाच ओठांवर येऊन बसला होता. पण साधं "हो" म्हणाली तर ती कानवाली कसली! दुसऱ्या दिवशी तिने मागच्या खोलीचं दार लावलं, फोन हातात धरला आणि ती ओळ गाऊन पाठवली. ताईंची हरकत, ताईंचा श्वास, सगळं जिथल्या तिथे. बदल एवढाच, की सख्याची सखी केली. "सखी येई... न म्हणे."

उत्तर आलं, "बरं. समजलं."

बाई हवेत! एवढंच कसं लिहिलं म्हणाल, तर पुरुषमाणूस, लाजला असेल. तिने जायची साडीसुद्धा काढून ठेवली.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी तिने दोनदा फोन चालू आहे ना ते पाहिलं. रविवारी दुपारी तीनलाच ती फोन मांडीवर घेऊन बसली. चार वाजले, सव्वाचार झाले. तिने लावला तर त्याचा बंद. मग मात्र धीर सुटला. जिथून आवाज बाहेर जात नाही त्या खोलीत जाऊन ती हमसाहमशी रडली.

वडिलांनी दार उघडलं. "काय झालं गं?"

"त्याचा फोन नाही आला."

"कोण आला?"

"फोन! फोन नाही आला!"

"कोण नाही आला?"

"बाबा, हात जोडते, एकदा तरी ते मशीन लावा हो!"

तिचा चेहरा बघून म्हातारा काय समजायचं ते समजला. काउंटरवरचं मशीन उचललं आणि कानात बसवलं. "हं, आता बोल. आणि हळू बोल, केवढ्याने ओरडतेस!"

तिने सगळं सांगितलं, गाणं ऐकवलं. वडील डोळे मिटून ऐकत होते. उघडले तेव्हा भरून आले होते. "तुझा आवाज थेट तुझ्या आईसारखा झालाय. कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली, बाबा."

त्यांनी नाक शिंकरलं. "पण त्याला नाही का म्हणालीस? बरा होता की पोरगा."

"नाही कुठे म्हणाले? हो म्हणाले!"

"अगं, मी तर आत्ता पहिल्यांदा ऐकतोय. 'सखी येई', मग थांबलीस, मग 'न म्हणे'. येत नाही, असंच ऐकू आलं मला."

तिने कपाळावर हात मारला. ज्या ओळीवर दोन वर्षं भांडलो त्याच ओळीत जन्माचं उत्तर द्यायचं, याला अक्कल लागते! आणि सही उद्या सकाळी. तिने लिहिलं, "येईन". मेसेज काही पोचेना. पाचची गाडी सुटायला वीस मिनिटं होती.

"जा तू," वडील म्हणाले. "दुकान मी बघतो. आता ऐकू येतंय मला."

सोमवारी साडेनऊला ती त्याच्या कंपनीच्या इमारतीत उभी होती, चुरगळलेल्या कपड्यांत. ती काढून ठेवलेली साडी घरीच राहिली होती. वॉचमन म्हणाला, "ते साहेबांकडे गेलेत, सातव्या मजल्यावर. पासशिवाय वर सोडता येणार नाही."

शेजारी लिफ्टचं दार उघडं होतं. तिला आठवलं, तो सांगायचा, लिफ्टमधली लाल घंटी वाजली की लिफ्ट जागीच थांबते, आणि इमारतीत जो मेकॅनिक असेल त्याने तोंडातला घास टाकून आधी फोन घ्यायचा. ती सरळ आत शिरली आणि घंटी दाबून धरली. "ओ बाई, ओ बाई!" म्हणेपर्यंत दार बंद झालं.

घंटीशेजारच्या जाळीतून त्याचा आवाज आला. "घाबरू नका. दाराला टेकू नका. किती जण आहात आत?"

"एकटीच आहे."

पलीकडे खुर्ची सरकली. "कोण?"

तिने आधीच पोटभर श्वास घेऊन ठेवला. "येईन! एकच शब्द आहे तो, मधे काही नाही. सखी येईन म्हणे. कळलं का, मठ्ठोबा?"

 तिने तोंड जाळीजवळ नेलं.

"सही केलीस?"

"पेन चालेना. साहेब दुसरं आणायला गेलेत."

"मग ते यायच्या आत खाली ये!"

"कसा येऊ? लिफ्ट तू अडवून ठेवलीयस."

"देवाने पाय दिलेत ना? जिना उतर!"

जिन्यावरून धाडधाड पावलं वाजत आली. किल्लीने दार सरकलं. तो समोर उभा, घामाने थबथबलेला, छाती भात्यासारखी चाललेली.

"साहेबांना... जिन्यातच... 'नाही' सांगून... आलो. तुझ्या गावाला... मीच... येई..." त्याने मोठा श्वास घेतला. "न."

 दोन वर्षांचं भांडण त्या एका श्वासात मिटलं होतं.

"अरे देवा," ती म्हणाली, "म्हणजे ताईंना नुसता दम लागला होता?"

त्याला बोलवेना, म्हणून त्याने मान हलवली.

"येणार की नाही, ते नीट सांग एकदा."

तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला, दम खाल्ला आणि मग एका श्वासात म्हणाला, "येईन."