फळ्यावरची योजना आणि माझी पेन्शन

मी एक जुना फुटबॉल आहे, मित्रांनो, आणि माझा कोणावरही पटकन विश्वास बसत नाही. बसेल कसा? जालंधरच्या कारखान्यात सुईने टोचून टोचून मला शिवले. केदारखेड्यात आलो, तेव्हा आमचा गोलकीपर भारत "ये रे राजा" म्हणाला आणि लगेच पंपाची सुई खुपसली. तेव्हापासून कोणी गोड बोलले की मी सावध होतो.

सहा वर्षे गायरानावर लाथा खाल्ल्या. बाभळीच्या काट्यांतून आणि म्हशींच्या पायांखालून सुटलो. पहिल्या वर्षी भोकरदनला सामना जिंकला, तेव्हा मला डोक्यावर घेऊन नाचले. पुढे दर वर्षी पहिल्याच सामन्यात हरून घरी. तरी अंगणवाडीच्या सत्यशीलाताई एकही सामना चुकवत नसत. हरलो की सगळ्यात जास्त त्याच चिडत.

विहाराबाहेरच्या फळ्यावर रोजचा सुविचार ताईच लिहीत. लसीकरणाची तारीख, नळाची वेळही तिथेच. फळ्यावर आले की गाव ते मुकाट्याने पाळी. यंदा पावसाळ्यात खेळ थांबला आणि ताईंनी सुविचाराच्या जागी लिहिले:

"पुढच्या हंगामाची योजना. एक, बचाव करणाऱ्यांनी मोबाईल घरी ठेवावा. दोन, चेंडू म्हणजे पाहुणा नव्हे, त्याला आत घेऊ नये. तीन, भारतऐवजी गोलमध्ये रामरावांच्या मक्यातले बुजगावणे उभे करावे, ते निदान जागेवर तरी राहते. चार, म्हाताऱ्या चेंडूला पेन्शन द्यावी."

गाव पोट धरून हसले. भारत हसला नाही. त्याने दोनदा वाचले आणि घरी येऊन माझ्याकडे टक लावून पाहिले. मला तेव्हाच शंका आली. चेंडूला कोण पेन्शन देतो? सकाळी त्याने मला साबणाने धुतले. मित्रांनो, कापायच्या बोकडालाही आधी आंघोळ घालतात! मी मनातल्या मनात त्याला नको नको ते बोललो.

सायकलला बांधून त्याने मला रामरावांच्या मक्यात नेले.

"काका, बुजगावणं आमाला द्या. तुमी दुसरं करा, त्याला हे डोकं लावा. हीच याची पेन्शन."

"हवा काढावी लागंल मंग," म्हणत रामरावांनी विळा उचलला. माझा जीवच गेला. "पण बुजगावणं कशाला रे तुला?"

"गोलमध्ये उभं करायला. फळ्यावर लिहिलंय. मी बी संघातून निघून राह्यलो, काका."

मी ज्याला कसाई समजत होतो, त्याचीच मान माझ्याआधी सुरीखाली होती. मला फार वाईट वाटले.

रामरावांनी विळा खाली ठेवून ताईंना फोन लावला. ताई स्कूटीवरून चिखलातून आल्या.

"अरे, मजाक केल्ती म्या!"

"फळ्यावर मजाक कशी असंल, ताई?"

ताईंनी पदराने डोळे पुसले. "चुकलं माझं. तुमच्यासाठीच तर येते मी दर सामन्याला. दुसरं कोन हाय मला चिडायला?"

मित्रांनो, जे आपले आहेत त्यांची थट्टा जरूर करा, पण ते सोबत हसतात का, तेवढे बघा. जुन्यांना आणि हरणाऱ्यांना सगळे खरेच वाटते. घरी जाताना भारतने मला छातीशी घट्ट धरले होते. सहा वर्षांत सामन्यात एकदाही त्याने मला असे धरले नव्हते.