कोरीनच्या बरगड्या

सोमवारी दुपारी हातांच्या वर्गात कोरीन डीकहाउस इतकी हसली, की टेबलावरून खाली पडता पडता वाचली.

‘हातांचा वर्ग’ हे मुलांनी पाडलेलं नाव. वेळापत्रकात त्याचं नाव चांगलं हातभर लांब होतं, पण ते घेत बसायला कुणाला वेळ होता? ऑस्टिओपॅथीचं कॉलेज ते. बाकीच्या डॉक्टरांना जे शिकावं लागतं ते सगळं इथे होतंच, आणि त्याच्या वर हे. नुसत्या हातांनी हाडं, सांधे, स्नायू चाचपायचे, कुठे काय अडकलंय ते ओळखायचं आणि हातांनीच ते सोडवायचं. पहिल्या वर्षाला पेशंट कोण देणार? म्हणून मुलं अर्ध्या चड्ड्या घालून एकमेकांच्याच अंगावर शिकत. एक टेबलावर पडायचा, दुसरा डॉक्टर व्हायचा, मग अदलाबदल.

या आठवड्यात बरगड्या होत्या, आणि शुक्रवारी त्यांचीच परीक्षा.

“मी अजून हात लावलासुद्धा नाही,” डेस्मंड ओकपारा म्हणाला. तो सेंट लुईसचा, सहा फुटांच्या वर गेलेला, आधीच्या कॉलेजात कुस्ती खेळलेला. त्याचे दोन्ही पंजे हवेतच होते.

“लावणार आहेस ते दिसतंय ना मला!” कोरीन पोट धरून म्हणाली. “बरं, लाव. आता नाही हसत.”

त्यानं हात लावला. ती किंचाळली. शेजारच्या चार टेबलांवरची मुलं मान वळवून बघायला लागली.

डॉक्टर लुंडक्विस्ट तिथे येऊन उभ्या राहिल्या. बाई साठीच्या, बुटक्या. बोलणं मोजकं आणि हात सदा गरम. “काय चाललंय?”

“हिला गुदगुल्या होतात, डॉक्टर.”

“शुक्रवारपर्यंत थांबव म्हणावं तिला,” त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

जोडी बदलून मिळाली असती तर कोरीननं तेही केलं असतं, पण सगळ्यांच्या जोड्या लागल्या होत्या. शिवाय तिच्या मनात दुसरीच एक धाकधूक होती, ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. कॉलेज सुरू झाल्यापासून तिच्या हातांना काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. शेजारची मुलं डोळे मिटून म्हणत, “हो, इथे घट्ट लागतंय.” मग तीही मान डोलवायची. तिच्या बोटांना कातडी लागायची, खाली हाड लागायचं, आणि तिथेच संपायचं.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. सोयाबीनची काढणी जोरात होती आणि आई धान्याचा ट्रक चालवत होती. मागे यंत्राची घरघर ऐकू येत होती.

“पोरी, या आठवड्यात एखादा दिवस येशील का गं घरी?”

“कसं येऊ आई? उद्या सकाळी लेक्चरं आणि दुपारी शरीररचनेची प्रयोगशाळा. बुधवारी परत लेक्चरं, मग पेशंटशी बोलायचा सराव. गुरुवारी दिवसभर जीवरसायन. शुक्रवारी परीक्षा.”

“आणि जेवतेस कधी?”

“मधे मधे.”

“मधे मधे म्हणजे उभ्या उभ्या,” आई म्हणाली. “तुझा बापही तसाच आहे. जा, अभ्यास कर.”

मंगळवारी प्रयोगशाळेत छातीचा पिंजरा उघडायचा होता. ज्या म्हाताऱ्या गृहस्थानं आपला देह कॉलेजला दिला होता, त्याच्याभोवती सहा जण उभे होते. मग कोरीननं बरगडीच्या खालच्या कडेनं हलकेच बोट फिरवलं. तिथल्या खोबणीत शीर, धमनी आणि मज्जातंतू एकाखाली एक, ओळीनं निजलेले. पुस्तकात तीन रंगांत छापलेलं चित्र होतं तसंच, फक्त रंग नव्हते.

“डेस्मंड, हे बघ! खरंच आहे रे!”

“मग काय पुस्तकवाल्यांनी थापा मारल्या असतील?” तो म्हणाला, पण तोही वाकून वाकून बघत होता. त्याचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता.

त्या दुपारी तिला पहिल्यांदा नीट उमगलं, की वरच्या बरगड्या हातपंपाच्या दांड्यासारख्या पुढून वर-खाली होतात आणि खालच्या बादलीच्या कडीसारख्या बाजूनं उचलल्या जातात. वर्गात ऐकलं होतं तेव्हा नुसतं लिहून घेतलं होतं. आता खोलीवर परतताना रस्त्यानं ती दोन्ही कोपरं बाजूला उचलत, खाली टाकत चालली होती. बसथांब्यावरची एक बाई जरा सरकून बसली.

बुधवारी सरावाच्या खोलीत त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. डेस्मंडनं हात ऊन पाण्यात धुऊन आणले. मग बोटांऐवजी तळवा लावून पाहिला. मग तिला एकेका राज्याच्या राजधानीचं नाव म्हणायला लावलं. ती मोंटाना राज्यापर्यंत टिकली आणि मग पुन्हा फुटली.

“तू शिट्टीसारखी वाजतेस,” तो वैतागून टेबलाच्या कडेला बसला. “शुक्रवारी मी काय सांगू? पेशंटला हसण्याचा आजार आहे?”

“मी नापास झाले तर माझं मी बघेन. पण माझ्यामुळे तू नको व्हायला,” कोरीन म्हणाली. आता तिला हसू येत नव्हतं.

“ए, रडू नकोस हं. रडण्यापेक्षा तुझं हसणं बरं.”

गुरुवारी जीवरसायनाच्या लेक्चरला हिमोग्लोबिन चालू होतं. कोरीनची नजर फळ्यावर, पण डावा हात स्वेटरखालून उजव्या कुशीवर. ती आपल्या बरगड्या खालून वर मोजत होती, परीक्षेची तयारी म्हणून. अकरावी, दहावी, नववी. आठवीवर बोट आलं आणि ते तिथेच थांबलं.

गुदगुल्या होत नव्हत्या!

तिनं जोरात दाबलं. हळूच फिरवलं. काही नाही. स्वतःच्या हातानं कुणाला कधी गुदगुल्या होतात? मग दुसऱ्याचा हात आपल्या हाताखालून आला तर? अंगाला कसं कळणार, कुणाचा तो?

लेक्चर संपायला वीस मिनिटं होती, ती तिनं कशीबशी काढली. दार उघडताच तिनं डेस्मंडचा हात धरून त्याला कॉरिडॉरमध्ये ओढलं आणि त्याचा पंजा आपल्या कुशीवर ठेवून वर आपला हात दाबला. येणारीजाणारी मुलं थबकली.

“अगं, लोक बघतायत!”

“बघू देत. तू मोज. मी तुझा हात हलवते, तू नुसता माझ्याबरोबर ये.”

तो मोजायला लागला. नववी. आठवी. सातवी. कोरीन भिंतीला टेकून उभी, ओठ दाबलेले, डोळे मोठे झालेले. मग तिनं आपला हात हळूहळू उचलला. त्याचा तिथेच राहिला. ती हसली नाही.

“श्वास घे,” डेस्मंड कुजबुजला. तिनं घेतला. “अगं, उचलली गेली! बादलीची कडी! हीच ना?”

“हीच!”

दोघं इतक्या मोठ्यानं ओरडली, की जीवरसायनाचे सर वर्गातून डोकावले. त्या दिवशी जेवणात राजमा-खिम्याची तिखट चिली आणि दालचिनीचे गोड रोल होते. डेस्मंडनं आपला रोल तिला दिला, आणि त्यानं आजवर कुणाला काही खाऊ घातल्याचं ऐकिवात नव्हतं.

शुक्रवारी डॉक्टर लुंडक्विस्ट स्वतः परीक्षा घ्यायला बसल्या होत्या. कोरीननं आधीच विचारून घेतलं, “पेशंटनं डॉक्टरच्या हातावर हात ठेवला तर चालेल?”

“पेशंटला हात असतात,” त्या म्हणाल्या. “माझी काही हरकत नाही.”

डेस्मंडची पाळी बघता बघता पार पडली. मग तो टेबलावर आडवा झाला आणि कोरीन त्याच्या उशाशी उभी राहिली. वरच्या बरगड्या तपासायच्या होत्या. तिनं बोटं टेकली. कातडी. हाड. नेहमीसारखंच पुढे काही नाही. मान डोलवून काहीतरी ठोकून द्यावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“मला काही जाणवत नाहीये, डॉक्टर,” ती म्हणाली. “आजपर्यंत कधीच जाणवलेलं नाही.”

डॉक्टर लुंडक्विस्टनी कागदावरून मान वर केली नाही. “तू शोधते आहेस. शोधू नकोस. हात तिथे ठेव आणि त्याला श्वास घेऊ दे. तो हलवेल, तुला हलवायचं नाहीये.”

कोरीननं खांदे सैल सोडले. डेस्मंडनं श्वास घेतला, दोन्हीकडची बोटं वर आली. त्यानं सोडला. डावीकडची बोटं खाली गेली. उजवीकडची थोडी गेली आणि अडली, दाराखाली काही आल्यावर दार अडतं तशी. तिला वाटलं, भास झाला. पुन्हा श्वास. पुन्हा तिथेच.

“चौथी!” ती जवळजवळ ओरडलीच. “उजवी चौथी. वर जाते, पण खाली येत नाही!”

“मग आण खाली.”

तिनं एका हातानं त्याचं डोकं जरासं उचललं, दुसऱ्या हाताचा अंगठा बरगडीच्या वरच्या कडेला ठेवला. श्वास सोडताना ती बरगडीबरोबर खाली गेली, घेताना तिला तिथेच रोखून धरलं. पुन्हा सोड. पुन्हा धर. चौथ्या की पाचव्या खेपेला अंगठ्याखाली काहीतरी निसटलं. लोण्यासारखं, आवाज न करता. पुढच्या श्वासाला दोन्ही बाजू बरोबरीनं खाली आल्या.

डेस्मंड उठून बसला आणि त्यानं छाती भरून श्वास घेतला. “अरे वा! शनिवारी मित्राचा सोफा उचलला, तेव्हापासून इथे धरलं होतं.”

“आणि तू मला बोलला नाहीस?”

“परीक्षेत पेशंटनं उत्तर सांगायचं असतं का?”

डॉक्टर लुंडक्विस्ट उठल्या, आपली दोन बोटं त्याच्या छातीवर क्षणभर टेकवली, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. “दोघंही पास. सोमवारी मान आहे, वाचून या. पुढच्या जोडीला आत पाठवा.”

बाहेर आल्यावर कोरीनला काय करावं ते सुचेना. तिनं डेस्मंडला मिठी मारली, मग रखवालदाराला मारली, मग आईला फोन लावला. आई धान्याच्या कोठाराबाहेर ट्रकांच्या रांगेत अडकली होती.

“आई, हलली! माझ्या हाताखाली हलली!”

“कोण हलली?”

“बरगडी!”

“अगं बाई! कुणाची?”

“डेस्मंडची!”

रांग पुढे सरकली असावी, कारण मागच्या ट्रकानं भोंगा वाजवला. आईनं त्याच्याकडे साफ दुर्लक्ष केलं.

“हा डेस्मंड कोण?” तिनं विचारलं. “सावकाश सांग, मला घाई नाही.”