तिसरी हाक

डोकं डक्टमध्ये आणि पाय शिडीवर, असा अर्धाच शंभू बहरीनमधल्या माहूजच्या एका हॉलमध्ये लटकत होता, तेव्हा खालची वाजंत्री पुन्हा दुसऱ्या आवाजावर थांबली.

"आता काय झालं?" एसीचा फिल्टर खरवडत त्याने वरूनच विचारलं.

"तिसरा आवाज चेलोचा, आणि आमचा चेलोवाला सलील तिकडे मीना सलमान बंदराच्या सिग्नलला अडकलाय," हेमा मॅडम म्हणाल्या. मूळच्या पुण्याच्या, एरवी बँकेत, सुट्टीला व्हायोलिनवर. शंभर वर्षांपूर्वीची कुठलीशी जर्मन ओव्हर्चर, म्हणजे नांदी, बसवत होत्या. "फ्यूग आहे, शंभू. एकजण सूर धरतो, तोच मागून दुसरा, मग तिसरा."

"म्हणजे आमच्या भजनात बुवामागनं कोरस."

"कोरस बुवा थांबल्यावर उचलतो. इथे कुणी कुणासाठी थांबत नाही."

शंभूने पुन्हा फिल्टर खरवडायला घेतला. थांबण्याचाच विषय त्याला नको होता.

त्याच्या गावात आडोशातून, माणूस न दिसता हाक आली, तर ओ तिसरीलाच द्यायची. भुताला दोनच हाकांची परवानगी असते. भुतांनाही हे मान्य असावं, कारण आजवर कुणाची तक्रार आलेली नाही. शंभू आणि त्याचा गाववाला जोडीदार कैलास यांनी ही शिस्त विमानात घालून बहरीनला आणली. अकरा वर्षं एक छतावर, एक खाली, आणि साधा पाना हवा असला तरी तीन हाका. फोरमन बासित वैतागायचा, "यल्ला, पहली बार में सुनता क्यों नहीं?"

"पक्का करना पडता है ना," कैलास सांगायचा, "जिंदा है क्या."

गेल्या जुलैत तुबलीतल्या एका गॅरेजच्या पत्र्यावरून कैलासने दोन हाका मारल्या. शंभू खाली गालातल्या गालात हसत तिसरीची वाट बघत राहिला. ती आलीच नाही. वर चढला तेव्हा सगळं खलास. उन्हाने हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

कैलासच्या बायकोने, मालूने, फोनवर विचारलं होतं, "भावजी, शेवटाक काय बोलले?"

"कायेक नाय," शंभू म्हणाला होता. आता गुरुवारी तो रजेवर गावी निघणार. तिच्या ओटीवर बसून तेच खोटं तोंडावर कसं बोलायचं, या विचाराने त्याला आठवडाभर जेवण गेलं नव्हतं.

खाली व्हायोलिनने सूर धरला. मागून व्हायोलाने. आणि मग त्याच्या कानापाशी, डक्टच्या अंधारातून, गार हवेच्या उलट दिशेने तिसरा आवाज आला. खोल, अकरा वर्षांच्या ओळखीचा, अजिबात घाई नसलेला.

"ओ," शंभू म्हणाला.

वाजंत्री थांबली. "सलील आला वाटतं," हेमा मॅडम दाराकडे बघत म्हणाल्या आणि त्यांनी फोन लावला. सलील अजून सिग्नललाच होता.

शंभू शिडी उतरून जिन्यात गेला आणि त्याने मालूला फोन केला.

"वयनी, मी खोटा बोललंय. तेणा दोनदा हाक मारल्यान. मी आयकलंय, आणि मस्करीत तिसरेची वाट बघीत रवलंय."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "किती वाजलेले?"

"सकाळचे नऊ."

"म्हणजे हंय साडेअकरा," मालू हळूच म्हणाली. "त्याच येळाक मी मागीलदारी तांदूळ धुवीत होतंय. माडांतसून ह्येंची हाक इली. एकच."

"मगे? ओ दिलास?"

"माका ती पयलीच ना, भावजी. मी अजून दोन हाकांची वाट बघतंय."