घड्याळजीचे हात

रेडिओच्या श्रोत्यांनी तिचं नाव ‘पणबाई’ ठेवलं होतं, आणि ते उगीच नव्हतं. दर बुधवारी सकाळी सहा मिनिटं ती विज्ञानातली एखादी ताजी बातमी समजावून सांगायची, आणि बातमीने जरा डोकं वर काढलं की हिचा ‘पण’ आलाच. नवं औषध सापडलं, पण उंदरांवर. लस चालली, पण चाळीसच माणसांत. ‘प्रतिकारशक्ती दुप्पट करा’ म्हणून पावडर विकणाऱ्यांची तर ती सालटी काढायची. दिवसभर प्रयोगशाळेत रक्तातल्या पेशी तपासणारी बाई. अर्धवट बोलणं तिच्या जिवावर यायचं.

कार्यक्रमाचा निर्माता मात्र या ‘पण’ला विटला होता. “मॅडम, लोक चहा पिताना ऐकतात. एकदा तरी त्यांचं तोंड गोड करा की!”

त्या बुधवारची बातमी किडनी बसवलेल्यांची होती. दुसऱ्याची किडनी शरीराला परकी वाटते आणि ते तिच्यावर तुटून पडतं. म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. एका अभ्यासात काही जणांच्या गोळ्या साफ बंद झाल्या होत्या, तरी किडनी शाबूत होती. तिने हे फार छान सांगितलं. शेवटी दोन वाक्यं होती. हे रुग्ण अवघे नऊ, आणि त्यांना किडनीबरोबर दात्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशीही दिल्या होत्या. बाकी कोणीही आपल्या मनाने गोळ्या सोडू नयेत.

ध्वनिमुद्रण वीस सेकंद लांबलं. निर्मात्याने काचेपलीकडून दोन बोटांची कात्री करून दाखवली. कुठे कापायचं हे त्याने सांगितलं नव्हतं. “शेवट काढा,” असं तीच म्हणाली. एकदा तरी तिलाही टाळ्या हव्या होत्या, खोटं कशाला बोला.

तिचा धाकटा भाऊ घड्याळजी. सहा वर्षांपूर्वी त्याला त्याच्या बायकोने आपली किडनी दिली होती. किडनी उत्तम चालली, पण गोळ्यांनी हात थरथरायला लागले. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणारा माणूस, त्याला मालकाने दुरुस्तीच्या टेबलावरून उठवून पट्टे आणि सेल बदलायला काउंटरवर बसवलं. त्याने चकार शब्द काढला नाही. बुधवारी मात्र दुकानातला रेडिओ मोठा करून तो गिऱ्हाइकांना सांगायचा, “ही माझी ताई बरं का!”

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. “ताई, आजची बातमी खरी का गं?”

“म्हणजे? मी काय खोट्या सांगते?” तिने त्याला चिडवलं. दोघंही हसली. फोनवर अभिनंदनाचे सत्तर निरोप येऊन पडले होते, तिला ते वाचायचे होते. “बरं, ठेवते रे,” म्हणून तिने ठेवला.

पाच आठवड्यांनी ती त्याच्याकडे जेवायला गेली. जेवण झाल्यावर त्याने तिचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ मागून घेतलं, टेबलावर पांढरा रुमाल पसरला, घड्याळ उघडलं, आणि खसखशीएवढा स्क्रू चिमट्याने उचलून पहिल्याच खेपेत जागेवर बसवला.

“हात बघ,” तो म्हणाला.

“अरे, अगदी पूर्वीसारखे झाले!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याची पाठ थोपटली.

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि मग परवानगी मिळाल्यासारखा हसला.

आता काय म्हणावं या बाईला? रस्त्यावरच्या माणसाला कळलं नसतं तर एक वेळ ठीक. या गोळ्यांनी हात कापतात हे तिने वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. कापणारे हात थांबले कसे, एवढंच विचारायचं होतं. भाऊ खूश होता, जेवण छान झालं होतं, आणि तिला काही विचारायचं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पुढच्या महिन्यात त्याला ताप चढला, पाय सुजले, लघवी बंद झाली. हॉस्पिटलात तो डॉक्टरांना म्हणाला, “गोळ्या घ्यायच्या विसरलो.” सलग दोन महिने कोण विसरतं! बायकोला त्याच्या हत्यारांच्या खणात न फोडलेली पाकिटं सापडली, तेव्हा तिने खोदून खोदून विचारलं. सगळं कबूल करून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, “ताईचं नाव कुठे काढू नकोस.”

किडनी गेली होती. त्यातून रक्तस्राव सुरू झाला होता, म्हणून ती काढूनच टाकावी लागणार होती. पुन्हा डायलिसिस, आठवड्याला तीनदा.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर भावजय पाकिटांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ही शेजारी टेकली.

“ते वाक्य मी लिहिलं होतं गं,” शेवटी हिच्याने राहवेना. “कोणीही गोळ्या सोडू नका म्हणून. कागद आहे अजून माझ्याकडे.”

“असेल,” भावजय म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर हिला बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने भावजयीने विचारलं, “ताई, एक सांगाल? तुम्हाला माहीत असणार. उद्या ती काढल्यावर मला परत बसवता येईल का? माझीच आहे ना ती. मला तर परकी वाटायची नाही.”

हिच्या तोंडाशी सगळं आलं. सूज, आतून बंद झालेल्या रक्तवाहिन्या, मेलेल्या पेशी, सहा मिनिटं सहज भरतील एवढं. यातलं काही सांगायची तिची लायकी उरली नव्हती, आणि ते तिला कळत होतं.

“नाही,” ती म्हणाली. “ती मेली आहे.”

भावजयीने मान हलवली आणि पिशवीची गाठ घट्ट केली.

“इतकं सोपं करून सांगता येतं तर तुम्हाला,” ती म्हणाली.