छोटीच्या वजनाची रेघ

बहीण झाली त्या दिवसापासून सातवीतल्या त्या मुलीला घरात कुणी नावाने हाक मारेनासं झालं. ती झाली मोठी आणि पाळण्यातली ती छोटी. वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, महिन्यातून चार दिवस घरी. आई कपडे शिवायच्या कारखान्यात होती. बाळंतपणाची रजा संपली तशी ती पुन्हा कामावर जाऊ लागली आणि छोटी दिवसभर शेजारच्या काकूंकडे राहू लागली.

"रडणं नाही, किरकिर नाही. अशी गुणाची पोर मी पाहिली नाही," काकू भेटेल त्याला सांगायच्या. छोटी दूध पिता पिता मध्येच दमून झोपायची, तिच्या कपाळावर घामाचे थेंब जमायचे. आई फडक्याने ते टिपायची आणि हसून म्हणायची, "दूध पितेय की डोंगर चढतेय?"

त्याच दिवसांत शाळेत आलेख सुरू झाले. गणिताचे सर उंच, किडकिडीत, काखेत कायम लाकडी पट्टी, म्हणून सगळी शाळा त्यांना पट्टीसर म्हणायची. आडवा अक्ष, उभा अक्ष, प्रमाण, बिंदू असं सगळं फळ्यावर करून दाखवल्यावर त्यांनी काम दिलं. "बदलणारी एक गोष्ट धरा. तीन आठवडे मोजा आणि आलेख काढा. पुस्तकातलं उदाहरण आणलं तर परत पाठवीन."

कुणी मोड आलेलं कडधान्य धरलं, कुणी दुपारची सावली. मोठीने छोटीचं वजन धरलं. लसीच्या कार्डावर जन्माचं, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचं वजन लिहिलेलंच होतं. पुढची लस एकदम नवव्या महिन्यात, त्यामुळे पुढचे रकाने कोरे. ते भरायला ती कोपऱ्यावरच्या पार्सलच्या दुकानात जाऊ लागली. पार्सलवाले काका खोक्यांच्या काट्यावर चादर अंथरायचे, काटा शून्यावर आणायचे आणि मग छोटीला अलगद ठेवायचे.

"हं, कुठे पाठवायचंय हे पार्सल? फुटणाऱ्या वस्तूचा शिक्का मारू का?"

अठराव्या आठवड्यात काटा पाच किलो शंभर ग्रॅमवर थांबला. विसाव्यात बरोबर पाचवर. एकविसाव्यात चार किलो नऊशे.

"काका, तुमचा काटा बिघडलाय."

काकांना ते लागलं. त्यांनी एक किलोचं वजन काट्यावर ठेवलं. एक किलो, ना कमी ना जास्त. "माझा काटा खोटं बोलत नाही, बाई."

मोठी घरी आली आणि वही उघडून बसली. लेकरं वाढतात. कमी होणारं लेकरू तिने ऐकलंसुद्धा नव्हतं. म्हणजे चूक आपलीच, आणि ती वर्गासमोर दिसणार. आईला विचारावं असं एकदा मनात आलं. पण आई नुकतीच कामावरून आली होती, तिचे पाय सुजले होते. मोठीने खोडरबर घेतलं आणि पाचच्या जागी पाच किलो दोनशे, चार नऊशेच्या जागी पाच किलो तीनशे लिहिलं. सगळे बिंदू कसे सरळ चढत गेले.

दुसऱ्या दिवशी पहिलंच बोलावणं तिला आलं. फळ्याच्या चौकटी आखलेल्या भागावर तिने सात बिंदू घेतले, दोन बिंदूंमध्ये एक एक घर सोडून, आणि पट्टीने जोडले. रेघ चढली, जराशी वाकली, शेवटी सरळ वर गेली. मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली.

"छान," सर म्हणाले. "पण मला सांग, पहिल्या दोन वजनांमध्ये किती दिवस गेले?"

"सहा आठवडे."

"आणि शेवटच्या दोनमध्ये?"

"एक."

"सहा आठवड्यांनाही एक घर आणि एका आठवड्यालाही एकच? आडव्या अक्षावर काळ आहे. काळ आपल्या सोयीने आखडत नाही. पुन्हा काढ. एका आठवड्याला एक घर."

मोठीने पुसलं आणि नव्याने बिंदू घ्यायला सुरुवात केली. या खेपेला बिंदू दूर दूर पडले. सहाव्या आठवड्यापर्यंत रेघ तरातरा चढली. दहाव्यानंतर ती थकली. चौदा ते अठरा जवळजवळ आडवी पडली. आणि मग, एकाएकी, शेवटच्या दोन बिंदूंपाशी ताडकन उभी राहिली.

जी जागा लपवायची होती, नेमकी तीच वर्गाच्या डोळ्यांत भरत होती.

सरांनी पट्टी शेवटच्या तुकड्यावर टेकवली. "अख्ख्या महिन्यात शंभर ग्रॅम. नंतर एका आठवड्यात शंभर ग्रॅम. तुझ्या बहिणीने असं काय खाल्लं?"

वर्ग खो खो हसला. मोठी हसली नाही. तिने खडू खाली ठेवला.

"सर, शेवटचे दोन आकडे माझ्या मनाचे आहेत. मी खोडून लिहिले."

हसू थांबलं. आता ओरडा बसणार म्हणून तिने मान खाली घातली. पण सरांचा आवाज चढला नाही. "खरे किती आहेत? लाव फळ्यावर."

तिने लावले. रेघ अठराव्या आठवड्यावरून खाली वळली. पुढच्या बाकावरची तिची मैत्रीण हळूच म्हणाली, "अगं, ही तर उतरतेय."

"काटा तपासला होतास?" सरांनी विचारलं.

"हो. बरोबर आहे."

"बाळ आजारी आहे का?"

"नाही सर. शांत असते. फक्त दूध पिताना दमते. घाम येतो."

सरांनी पट्टी टेबलावर ठेवली. "मी डॉक्टर नाही," ते म्हणाले, "पण ही रेघ मला बरी दिसत नाही. हाच आलेख कागदावर उतरव आणि चल."

मुख्याध्यापिकांच्या खोलीतून कारखान्यात फोन लागला. तिथला मुकादम म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत बघू. मुख्याध्यापिका म्हणाल्या, सुट्टीत नाही, आत्ता. पाच मिनिटं नुसती मशिनांची घरघर ऐकू येत होती. मग आई फोनवर आली.

"वजन?" तिचा आवाज टेबलापलीकडे मोठीलाही ऐकू येत होता. "माझ्या लेकीच्या वजनाची चर्चा शाळेत कशाला? ती ठणठणीत आहे. मोठीने काहीतरी आकडे लिहिले आणि तुम्ही मला कामावरून उठवलंत?"

मोठीने फोन मागून घेतला. "आई, मी खोटे आकडे लिहिले होते."

"मग झालं तर."

"तसं नाही. खरे कमी होत होते, म्हणून मी वाढवून लिहिले. पाचवरून चार नऊशे."

मग आई म्हणाली, "निघते मी. काकूंना सांग, छोटीला गुंडाळून ठेवा."

त्या तिघी लसीच्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा खिडकी बंद होत होती. सिस्टरांनी कार्ड उलटसुलट करून परत दिलं. "हिची पुढची लस नवव्या महिन्यात. तब्येत दाखवायची तर सोमवारी या, डॉक्टर असतील."

आईने कार्ड घेतलं आणि ती मागे वळली. मोठी हलली नाही. तिने आलेखाचा कागद खिडकीच्या फळीवर पसरला.

"सिस्टर, इथपर्यंतचे बिंदू तुमच्या कार्डातले आहेत. हे पुढचे तीन माझे. खरे आहेत."

सिस्टर आधी तिच्याकडे बघत होत्या, मग कागदाकडे बघू लागल्या. त्यांचं बोट चौदाव्या आठवड्यापासून पुढे सरकलं आणि शेवटी थांबलं. "आत आणा तिला. कपडे काढा."

काट्यावर चार किलो आठशे ऐंशी भरलं. सिस्टरांनी छोटीच्या छातीवर हात ठेवला, दुसऱ्या मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि मोजायला लागल्या. मिनिट संपता संपेना. छोटी टकामका छताकडे बघत होती आणि तिच्या बरगड्यांखालची कातडी दर श्वासाला आत ओढली जात होती. मोठीने हे रोज पाहिलं होतं. लक्षात मात्र आज आलं.

"मिनिटाला सत्तर श्वास. फार होतात," सिस्टर म्हणाल्या. "ही कधीपासून असा श्वास घेते?"

"ती... ती असाच घेते," आई म्हणाली.

सिस्टरांनी फोन उचलला. अर्ध्या तासात त्या तिघी रुग्णवाहिकेत होत्या.

मोठ्या हॉस्पिटलात छोटीच्या छातीवर थंड जेल लावून पडद्यावर हृदय दाखवलं गेलं. डॉक्टरबाई सावकाश, स्वच्छ बोलल्या. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक होतं. रक्त नको तिकडे वळत होतं, फुफ्फुसं ओली झाली होती, आणि नुसता श्वास घेण्यातच पोरीची सगळी ताकद खर्ची पडत होती. अंगाला लागायला काही उरतच नव्हतं. शांत नव्हती ती. दमलेली होती.

बाहेरच्या बाकावर आईने मोठीकडून कागद मागून घेतला. "शिकव मला. कसं वाचायचं हे?"

मोठीने सांगितलं. आडवे आठवडे, उभे किलो. आईचं शिवणकामाने खरबरीत झालेलं बोट रेघेवरून सरकलं आणि चौदाव्या आठवड्याच्या अलीकडे अडलं.

"इथेच मी कामावर जायला लागले," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

मोठी उठली, तिने डॉक्टरबाईंना गाठलं आणि त्यांना हात धरून बाहेर आणलं. "माझ्या आईला सांगा ना, हे कशामुळे झालं."

"भोक जन्मापासून आहे," डॉक्टरबाई आईसमोर वाकून म्हणाल्या. "तुम्ही चोवीस तास मांडीवर घेऊन बसला असतात तरी ते तिथेच असतं. आज आणलंत, हे फार चांगलं केलंत."

औषधं सुरू झाली, नाकातून नळीने दूध सुरू झालं. मोठी रोज शाळेतून हॉस्पिटलात यायची आणि वजन लिहून घ्यायची. रोजचं वजन मावावं म्हणून तिने सगळा आलेख बारीक घरांच्या कागदावर, एका दिवसाला एक घर धरून, पुन्हा काढला. दुसऱ्या दिवशी चार आठशे. तिसऱ्या दिवशी चार सातशे. तिने बिंदू होता तिथेच दिला आणि धावत डॉक्टरबाईंकडे गेली. "घाबरू नकोस," त्या म्हणाल्या, "अंगात साठलेलं पाणी उतरतंय. पाणी गेलं की खरं वजन धरेल." चौथ्या दिवशी सातशेच. पाचव्या दिवशी सातशे वीस भरले, आणि मग रेघ मुंगीच्या पावलांनी चढू लागली.

सात आठवड्यांनी ऑपरेशन झालं. वडील ट्रक दुसऱ्याच्या हाती देऊन आले होते. चार तास चौघंही, काकू धरून, एका बाकावर बसून होती. दार उघडलं तेव्हा डॉक्टरांनी आधी मुखपट्टी खाली केली आणि मग मान डोलावली.

छोटी घरी आली, सहा किलोंच्या पुढे गेली आणि भूक लागली की साऱ्या आळीला ऐकू जाईल असं भोकाड पसरू लागली. तोवर मोठीचा आलेख कागदाला कागद चिकटवून हातभर लांब झाला होता. तो तिने पट्टीसरांच्या टेबलावर उलगडला. सरांनी तो पहिल्या बिंदूपासून वाचला. ऑपरेशनच्या आठवड्याशी ते थांबले. तिथे चार घरं रिकामी होती.

"इथे बिंदू नाहीत?"

"ते चार दिवस छोटी अतिदक्षता विभागात होती, सर. माझ्याकडे आकडे नाहीत."

"मग दोन्ही टोकं तुटक रेघेने जोड," सर म्हणाले, "आणि खाली लिही, मोजलं नाही."

मोठीने पेन्सिलीला टोक केलं आणि बाकावर जाऊन बसली.