प्रेषकाचं नाव

नागरिकशास्त्राच्या बाईंना एक खोड होती. मुलांनी धडा नुसता घोकला की त्यांचं समाधान होत नसे, तो अंगी लागला पाहिजे हा हट्ट. कामगारांच्या हक्कांचा धडा आला तेव्हा त्यांनी दहावीला सांगितलं, "घरी कोण काय काम करतं, कामावर काय त्रास होतो, ते विचारा आणि त्यांच्या वतीनं मालकाला अर्ज लिहून आणा. दहा गुण."

बहुतेकांनी पाट्या टाकल्या. एकानं तर लिहिलं, 'वडिलांना कामावर त्रास नाही, कारण ते कामावर जात नाहीत. त्रास आईला आहे.' बाई खूप हसल्या आणि त्याला तीन गुण दिले.

मग मुंगीचा अर्ज हाती आला. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक, म्हणून वर्ग तिला मुंगी म्हणे. तिची आई बुटांच्या दुकानात विक्रेती होती. 'दुकानात बावीस खुर्च्या आहेत, पण त्या गिऱ्हाइकांच्या. मी दहा ते आठ उभी असते. घरी आल्यावर पायावर बोट दाबले तर खड्डा तसाच राहतो. कायद्याप्रमाणे मला बसायला जागा मिळावी.' उरलेला अर्ज बाईंनी खुर्चीतून उठून, उभ्यानं वाचला. पण जित्याची खोड! प्रेषकाच्या जागी नुसतं 'एक कामगार' होतं. बाईंनी त्याभोवती लाल गोल काढला आणि शेजारी लिहिलं, 'पूर्ण नाव आवश्यक. नावाशिवाय अर्जाला किंमत नसते.' दोन गुण कापले.

मुंगी दोन गुण सोडणारी पोर नव्हती. दुसऱ्या दिवशी आईच्या नावानिशी अर्ज पुन्हा लिहून आणला आणि दहापैकी दहा घेतले. इतका चांगला अर्ज वहीत ठेवून काय करायचा? घरी जाता जाता तिनं तो दुकानाच्या गल्ल्यावर नेऊन दिला. आईला विचारलं नाही, बाईंनाही नाही.

आठ दिवसांनी ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "बाई, आईला खुर्ची मिळाली."

बाईंना आभाळ ठेंगणं झालं. "ऐकलंत का?" त्या गणिताच्या सरांना म्हणाल्या. हेच सर त्यांच्या धड्यांना 'हवेतली शेती' म्हणत. मग त्यांचं लक्ष मुंगीच्या चेहऱ्याकडे गेलं.

"पण तिला उठू देत नाहीत," मुंगी म्हणाली.

संध्याकाळी बाई दुकानात गेल्या. काचेच्या दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, एक नवीकोरी खुर्ची होती. तिच्यावर मुंगीची आई बसली होती, मांडीवर बूट चढवायची पट्टी घेऊन. इतर विक्रेत्या तिच्याकडे न बघता खोकी उतरवत होत्या. तिनं बाईंच्या पायांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "सहा नंबर. डावा जरा मोठा आहे." चौदा वर्षांची सवय.

मालक स्वतः पुढे आले. "शाळेतल्या बाई ना तुम्ही? या, या. काय सुंदर अर्ज लिहून घेतलात! आमच्या लक्षातच आलं नव्हतं हो. आता ताईंना अजिबात उठायला लावत नाही. गिऱ्हाइकं बाकीच्या बघतात." माणूस तोंडानं साखर पेरत होता, आणि त्याच्या बोलण्यात बोट ठेवायला कुठे जागा नव्हती.

बाई खुर्चीजवळ वाकल्या. मुंगीची आई कुजबुजली, "मोरीत जायचं तरी विचारून उठावं लागतं. तीन महिने विक्री शून्य दिसली की कामावरून काढतात, नियमच आहे तसा. पायांची सूज मात्र उतरली, बाई." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "पोरीला काही बोलू नका. तिला वाटतंय तिचं चुकलं."

चूक कुणाची होती ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की तिथून कधी एकदा बाहेर पडते असं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामगार कार्यालय गाठलं. कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं. "खुर्ची मागितली होती, दिली. मग तक्रार कशाची?" बाईंनी पुन्हा सगळं सांगितलं. त्यानं पुन्हा तेच विचारलं. धड्यात पुढचं पान नव्हतं, आणि बाईंनाही पुढचं येत नव्हतं.

शुक्रवारी तास सुटल्यावर मुंगी एकटीच मागे राहिली. तिनं टेबलावर कागद ठेवला. तेच बारीक अक्षर. 'विषय : मला पूर्वीप्रमाणे उभे राहून काम करू देण्याबाबत.' प्रेषकाची जागा कोरी होती. बाईंनी कागद दोनदा वाचला. एकही चूक नव्हती.

"बाई," मुंगीनं विचारलं, "या वेळी नाव नाही घातलं तर दोनच गुण जातील ना?"